पचवतो कोण?

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १४.

भगवंत इथे सांगतात की मीच वैश्वानर नावाचा अग्नी होऊन प्राण्यांच्या देहात राहतो, आणि प्राण-अपानाला बरोबर घेऊन चार प्रकारचं अन्न पचवतो. चावायचं, गिळायचं, चाटायचं आणि चोखायचं, असे ते चार प्रकार टीकाकार सांगतात. पुष्कळ घरांत जेवणाआधी पंधरावा अध्याय म्हणायची पद्धत आहे. भुकेची आणि पचनाची एवढी थेट आठवण त्यात आहे, हे त्याचं एक कारण असावं.

म्हणताना आपलं लक्ष बहुतेक वेळा 'मी पचवतो' यावर जातं. आज मला 'प्राण्यांच्या देहात' यावर थांबायचं आहे. 'माणसांच्या देहात' असं तिथे म्हटलेलं नाही. ही छोटीशी गोष्ट गेल्या वर्षी आमच्या घरात फार मोठी होऊन बसली होती, म्हणून आजचं चिंतन जरा लांबेल. सांभाळून घ्या.

माझ्या मामांचा मंडईत गाळा आहे. लिंबं, आलं, मिरची, कोथिंबीर. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणायचा, दुपारी गर्दी ओसरली की गाळ्यावरच डबा खायचा, असा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. मामा माळकरी आहेत. एकादशी चुकत नाही, आषाढीला माउलींच्या पालखीबरोबर चालणं चुकत नाही. माळ घातली त्या दिवसापासून मांस, मासे, अंडं, काही नाही.

दोन वर्षांपूर्वी मामांचं वजन उतरायला लागलं. जेवण नेहमीचं, तरी अंगाला लागेना. पोटात दुखायचं, शौचाला तेलकट व्हायचं. तपासण्या झाल्या आणि कळलं की स्वादुपिंडाचा जुना दाह आहे, त्याची पाचकरस बनवायची ताकद जवळजवळ संपली आहे. डॉक्टरांनी प्रत्येक जेवणाबरोबर घ्यायच्या कॅप्सूल लिहून दिल्या. त्यांनी मामांच्या गळ्यातली माळ पाहिली असावी. चिठ्ठी हातात देण्याआधी स्पष्ट म्हणाले, "काका, हे औषध डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. तुम्हाला आधी सांगणं माझं काम आहे. बुरशीपासून केलेल्या पचनाच्या गोळ्या बाजारात मिळतात, पण तुमच्या आजारात मी त्यांच्यावर भरवसा ठेवणार नाही. विचार करा, पण फार दिवस करू नका."

मामांनी कॅप्सूल आणल्या आणि आठ दिवस देवघराखालच्या कपाटात ठेवल्या.

त्या आठ दिवसांत मामांना ज्याने त्याने आपापलं उत्तर दिलं. मला आज त्या उत्तरांबद्दल लिहायचंय. कारण प्रश्न एकट्या मामांचा नाही. आपल्या जगण्याला दुसऱ्या जिवाचा देह लागतो, हे समोर आल्यावर आपण काय करतो, असा तो प्रश्न आहे.

पहिलं उत्तर आलं मामांच्या ओळखीच्या एका सज्जनांकडून. ते म्हणाले, "गीतेतच लिहिलंय. पचवणारा तो आहे. त्याच्यावर सोडा, गोळ्या कशाला?" आणि पुढे हेही म्हणाले की आजचं विज्ञान ज्याला एन्झाइम म्हणतं, तेच आपल्याकडे वैश्वानर म्हणून आधीपासून माहीत होतं.

माझी भाची, म्हणजे मामांची नात, तेव्हा दहावीत होती. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. तिने मला विचारलं, "आत्या, मग पेपरात वैश्वानर लिहिलं तर चालेल?" तिने गमतीत विचारलं होतं, पण मला उत्तर गमतीत देववलं नाही.

विकर म्हणजे काय, ते आधी नीट पाहू. विकर म्हणजे पेशीने बनवलेलं प्रथिन. एखादी रासायनिक क्रिया ते भराभर घडवून आणतं आणि त्यात स्वतः खर्च होत नाही, पुन्हा पुढच्या कामाला मोकळं. आपलं स्वादुपिंड रोज लिटरभराहून जास्त रस आतड्यात सोडतं. त्यातलं अमायलेज भात-भाकरीतल्या पिठूळ भागाचं काम करतं, ट्रिप्सिन डाळीतल्या प्रथिनांचं, लायपेज तेलातुपाचं. लायपेज नसेल तर तूप खाऊनही तूप मिळत नाही. त्याच्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही बाहेर निघून जातात. मामांचं नेमकं हेच होत होतं.

यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. ट्रिप्सिन प्रथिनं तोडतं, आणि पेशी स्वतः प्रथिनांचीच बनलेली. मग ते बनवणारी पेशी वाचते कशी? ती त्याला निजलेल्या रूपात बनवते. त्या रूपाला ट्रिप्सिनोजेन म्हणतात. पडद्याच्या बारीक पिशव्यांत भरून ते बाहेर पाठवलं जातं, आणि आतड्यात पोचल्यावर तिथलं दुसरं एक विकर त्याला जागं करतं. पेशीच्या आतला हा सगळा प्रवास जॉर्ज पॅलेड या शास्त्रज्ञाने स्वादुपिंडाच्याच पेशींवर काम करून उलगडला. १९७४ चं नोबेल त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना पेशीवरच्या अशाच कामासाठी मिळालं. ट्रिप्सिन वेळेआधी, स्वादुपिंडातच जागं झालं, तर ते स्वतःच्या घरालाच पचवू लागतं. अग्नी चुलीत असला तर स्वयंपाक, चुलीबाहेर आला तर आग.

आता सांगा, वैश्वानर म्हणजे विकर म्हणायचं का?

मला वाटतं, नाही. १८९७ साली एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर चिरडल्या, रस गाळून घेतला, आणि जिवंत पेशी नसलेल्या त्या रसातही साखर आंबली. त्याआधी मोठमोठे लोक म्हणत होते की यासाठी जिवंत पेशीच हवी. बुखनरनंतर कळलं की विकर पेशीबाहेरही काम करतं. बाटलीत करतं. आज कपड्याच्या साबणाच्या पावडरीतही करतं, डाग काढायला तिच्यात हीच मंडळी घातलेली असतात. मी मामांना म्हणाले, "वैश्वानर म्हणजे विकर असेल, तर तो साबणाच्या पुड्यात पण आहे म्हणायचं." मामा हसले. म्हणाले, "असेल की पोरी. तो कुठे नाही? पण तो तिथे आहे म्हणून मी साबण खाणार नाही."

मामांनी थट्टेत जे सांगितलं ते मला नेमकं वाटतं. श्लोक एक गोष्ट सांगतो, दहावीचं पुस्तक दुसरी. पचन कसं होतं ते पुस्तक सांगतं. पचवणाऱ्याकडे मी कोणत्या नजरेने पाहायचं ते श्लोक सांगतो. एकाच्या जागी दुसरं ठेवलं की दोघांचंही नुकसान होतं. मुलीला आज आपण सांगितलं की गीतेत एन्झाइम आहेत, तर उद्या ती कॉलेजात जाऊन नीट शिकेल आणि तिला वाटेल की घरच्यांनी आपल्याला थाप मारली. मग ती थाप टाकून देताना गीताही टाकून देईल. देवाला आपल्या खोट्या साक्षीची गरज नाही. आणि इथे तर प्रश्न जिवाचा होता. 'पचवणारा तो आहे' एवढं म्हणून मामा बसले असते, तर देहाची उपासमार थांबली नसती. ज्याला आपण पचवणारा म्हणतो, त्यानेच डॉक्टरला अक्कल दिली असं का म्हणू नये?

दुसरं उत्तर आलं आमच्या एका नातेवाइकांकडून, मोठ्या उत्साहात. "अहो, वराह म्हणजे विष्णूचाच अवतार! डुक्कर काय आणि गाय काय, सगळं एकच. घ्या बिनधास्त." मामांनी शांतपणे विचारलं, "मग अवतारालाच खायचं म्हणता?" त्यावर नातेवाईक गप्प झाले.

'सगळं एकच आहे' हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय. ते खरं आहे, पण ते खरं असेल तर त्याने माझं ओझं वाढायला हवं, कमी व्हायला नको. पाचव्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकात ज्ञानी माणूस ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने दूर ठेवलेला माणूस या सगळ्यांत सारखंच पाहतो असं सांगितलंय. ही समदृष्टी म्हणजे 'मग काहीही केलं तरी चालतं' अशी परवानगी नव्हे.

आणि 'एकच' म्हणजे किती एक, हे जीवशास्त्राइतकं सविस्तर कुणी सांगितलेलं नाही. भाचीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. त्यात जीवाश्म येतात. तिने विचारलं, "डुकराचं विकर आबांच्या पोटात चालतंच कसं?" प्रश्न अगदी बरोबर होता. एमिल फिशर यांनी १८९४ साली विकराला कुलूप-किल्लीची उपमा दिली. ज्या आकाराचा रेणू त्याच आकाराचं विकर. मग एका घराची किल्ली दुसऱ्या घराच्या कुलपाला लागते, तेव्हा काय समजायचं? दोन्ही कुलपं एकाच जुन्या कारागिराकडची आहेत, असंच ना? डुकराचे आणि आपले पूर्वज आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या वाटांना लागले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. इतक्या काळात सोंड, खूर, हात, भाषा, सगळं बदललं, पण तूप तोडणारी किल्ली जवळजवळ तीच राहिली. आमच्या क्षेत्रात वीस वर्षांपूर्वीचा कोड अजून न बदलता चालतोय म्हटलं तरी लोक हात जोडतात. इथे कोट्यवधी वर्षं झाली.

मी तिला आपल्याच महाराष्ट्रातली एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले जीवाश्म सापडतात. लखनौच्या बीरबल सहानी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शेण सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी सांगितलं की त्यात गवताच्या पेशींत साठलेले वाळूसारखे सूक्ष्म कण आहेत. म्हणजे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी विदर्भात गवत होतं आणि डायनोसॉर ते खात होते. त्याआधी असं समजलं जायचं की त्या काळी गवत नसावंच. पुढे २०११ साली तिथल्याच नमुन्यांवरून असंही दिसलं की त्यातलं काही गवत भाताच्या कुळातलं होतं.

विचार करा. आपल्या ताटातल्या भाताचे दूरचे नातेवाईक कुणाच्या तरी पोटात पचत होते, तेव्हा ताटही नव्हतं आणि माणूसही नव्हता. आणि हे आपल्याला कळलं ते जे पचलं नाही त्यातून. वाळूचे कण तेवढे पचले नाहीत, म्हणून साक्ष द्यायला उरले. मामांचा आजारही असाच कळला होता. शौचात न पचलेली चरबी होती आणि स्वादुपिंडाचं विकर नव्हतं, तेच डॉक्टरांनी तपासलं. भाची "ईऽऽ" म्हणाली, पण मला त्यात किळसवाणं काही वाटलं नाही. गीता म्हणते प्राण्यांच्या देहात. पिसदुऱ्याचा दगड म्हणतो, हो, फार फार आधीपासून.

तिसरं उत्तर सगळ्यांत सभ्य होतं. मामांच्या दिंडीतल्या एका ज्येष्ठांनी सांगितलं, "औषधाला दोष नाही." हे उत्तर चुकीचं नाही. देह राखणं हाही धर्मच आहे, आणि नियम माणसासाठी असतात. मला वाटलं, सुटला प्रश्न. पण मामा घरी येऊन म्हणाले, "दोष नाही म्हटलं की माझं काम संपलं. पण त्या जनावराचं काय? ते तर गेलंच ना."

ही तिन्ही उत्तरं मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पहिलं म्हणतं, घेऊ नका, देव बघेल. दुसरं म्हणतं, घ्या, सगळं एकच. तिसरं म्हणतं, घ्या, नियमात बसतं. तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. तिन्हींना डुक्कर नजरेआड करायचं आहे.

मग मामांनी जे केलं, त्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. त्यांनी स्वतःला एक अवघड प्रश्न विचारला. मला नको वाटतंय ते हिंसेमुळे की किळसेमुळे? ते म्हणाले, "गाईचं असतं तर मी रडलो असतो. शेळीचं असतं तर वाईट वाटलं असतं. डुकराचं म्हटल्यावर मला ओकारी आली. हे तीन वेगळे का?" तेव्हा मी त्यांना सांगितलं की साध्या कॅप्सूलचं वरचं पारदर्शक कवच पुष्कळदा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. मामांनी आयुष्यात अशा कितीतरी कॅप्सूल घेतल्या असतील. त्यांच्या वेळी कुणी काही बोललं नव्हतं, आणि किळसही आली नव्हती. याचा अर्थ किळस हिंसेला मोजत नाही. ती दुसरंच काहीतरी मोजते.

ती काय मोजते, हे पुण्याच्या मंडईत उभं राहून विचारलं तर उत्तर लांब शोधावं लागत नाही. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने बांधलेल्या या इमारतीला आज महात्मा फुले यांचं नाव आहे. गंमत म्हणजे नगरपालिकेचे सभासद असताना जोतिरावांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. त्याच जोतिरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. पाणी तेच, तहान तीच, मग हात लागल्याने काय बिघडतं, एवढा साधा तो प्रश्न होता. आपल्या समाजात डुकराची किळस डुकरापाशी थांबली नाही. जी माणसं ती जनावरं पाळायची, त्यांच्यापर्यंत ती पोचली. म्हणून अहिंसेच्या नावाखाली आपण विटाळ तर पाळत नाही ना, हे प्रत्येक माळकऱ्याने, प्रत्येक शाकाहाऱ्याने एकदा तपासून पाहावं. मी स्वतः शाकाहारी आहे, म्हणून हे मला स्वतःलाही विचारावं लागतं. हिंसा नको असणं हे व्रत आहे. विटाळ वाटणं हा नुसता संस्कार आहे, आणि तो नेहमी चांगलाच असतो असं नाही.

नवव्या दिवशी दुपारी मामांनी गाळ्यावर डबा उघडला आणि पहिली कॅप्सूल घेतली. मी विचारलं, "ठरलं?" म्हणाले, "नामदेवांची गोष्ट आठव. कुत्रं भाकरी पळवून चाललं, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. आज उलटं झालंय. मला तूप पचत नाही, आणि एक मुकं जनावर माझ्यामागे आलंय." मग थोडं थांबून म्हणाले, "फरक एवढाच की नामदेव आपल्या मर्जीने धावले. याला कुणी विचारलं नाही. म्हणून हे दान नाही. हे ऋण आहे."

ऋण. सगळा विचार मला या एका शब्दात आलेला दिसतो. दान म्हटलं की आपण आभार मानून मोकळे. नियमात बसतं म्हटलं की आभारही नकोत. ऋण म्हटलं की वहीत नाव राहतं. तिसऱ्या अध्यायाच्या बाराव्या आणि तेराव्या श्लोकांत, मिळालेलं परत फिरवल्याशिवाय भोगणाऱ्याला चोर म्हटलं आहे, आणि फक्त स्वतःपुरतं शिजवणारा पाप खातो असं सांगितलंय. आपल्याकडे पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. म्हणजे सगळ्या जिवांसाठी अन्नाचा वाटा काढणं. गोग्रास, काकबळी या त्याच्याच घरगुती खुणा. मामा पूर्वी गाईसाठी एक घास बाजूला काढायचे. आता दोन काढतात. दुसरा जो येईल त्याचा. बहुतेक दिवशी मंडईतलं एक पिवळं कुत्रं येतं.

कुत्र्यावरून आठवलं. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, कुत्र्यात मात्र त्याच्या कितीतरी पट. माणसाच्या वस्तीजवळ राहून, माणसाचं उष्टं खाऊन कुत्र्याचा देहच बदलला. म्हणजे भाकरी त्याला पचते, कारण त्याच्या हजारो पिढ्या आपल्या उंबऱ्याशी जेवल्या. बरोबर जेवल्याने देह एकमेकांत गुंततात, हे पेशीतही लिहिलेलं आहे.

भाचीने शेवटी तो प्रश्न विचारलाच. "पण आत्या, दुसरा घास कुत्र्याला दिला, त्याचा त्या डुकराला काय उपयोग?"

काही नाही. हे मी तिला तसंच सांगितलं. ते डुक्कर गेलं, आणि आपण काहीही केलं तरी त्याचं देणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. पितृऋणही वाडवडिलांना परत करता येत नाही, पुढच्यांसाठी करावं लागतं. ऋषिऋण ऋषींना नाही, शिकणाऱ्यांना फेडावं लागतं. तसंच हे. आणि ते पूर्ण फिटतं असं मी म्हणणार नाही. फिटलं असं वाटलं की माणूस पुन्हा निर्धास्त होतो.

विज्ञानाने हेही शिकवलं नाही, हे मान्य करायला हवं. वाघाचं आणि हरणाचं विकरही सारखंच आहे. म्हणून वाघ काही हरणाचं ऋण मानत नाही. सारखेपणा ही वस्तुस्थिती झाली. तिच्यातून कर्तव्य आपोआप निघत नाही, ते आपण पत्करावं लागतं. गीता मला इथे लागते. सारखेपणा कळला तरी मी त्याकडे पाठ फिरवू शकते. गीता म्हणते, त्या देहात राहणारा तोच आहे जो तुझ्यात आहे, आता ठरव.

आणि ऋण ध्यानात असलं की माणूस वाटही शोधतो. १९२२ साली पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन दिलं गेलं, ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं. पुढची साठ वर्षं गाई-डुकरांच्याच स्वादुपिंडावर मधुमेही जगले. त्यांत आपल्याकडचे कितीतरी सोवळे पाळणारे आजी-आजोबाही असतील, बहुधा कुणी त्यांना सांगितलंही नसेल. १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन मिळू लागलं. हे निव्वळ दयेपोटी झालं असं नाही. पुरवठ्याची आणि ॲलर्जीची कारणं होतीच. पण वाट निघू शकते, एवढं नक्की झालं. मामांच्या कॅप्सूलसाठीही कधीतरी निघो. भाचीला अकरावीला जीवशास्त्र घ्यायचंय. मी तिच्यावर काही लादणार नाही, पण हा प्रश्न तिच्या दप्तरात राहिला तर मला आवडेल.

मामांचं वजन भरून येतंय. माळ गळ्यात आहे. दिंडीतल्या दोघा-तिघांना ते पटलेलं नाही आणि ते तसं बोलूनही दाखवतात. मामा वाद घालत नाहीत.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा प्रश्न आला असेल, तर एक विनंती. औषध परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, ते कशापासून बनतं ते जाणून घ्या, पर्याय असेल तर मागा. आणि आजारी माणसापासून ते लपवू नका. व्रत त्याचं आहे, निर्णयही त्याचाच असू द्या.

आजचा संकल्प : आज जेवायला बसाल, तेव्हा ताटातल्या एका पदार्थाचा माग काढा. तांदळाचा दाणा म्हणजे रोपाने आपल्या पिलासाठी बांधून दिलेली शिदोरी. दूध वासराचं. मध माशीचा. कुणाचं काय घेतोय ते एकदा मनात नाव घेऊन म्हणा. मग पंधराव्या अध्यायातला चौदावा श्लोक म्हणा, आणि 'प्राण्यांच्या देहात' या शब्दांपाशी क्षणभर थांबा. ताटात काही टाकू नका. एक घास बाजूला काढा.

॥ राम कृष्ण हरी ॥